दारूचे पेशंट आले की राग येतो, हे फक्त माझंच होतं का?

इंटर्न_मेडिसिन

नमस्कार सगळ्यांना. इंटर्न आहे, मेडिसिनची पोस्टिंग चालू आहे. युनिटमध्ये कुणाला समोरासमोर विचारायचं धाडस होत नाहीये म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. पंचेचाळीसच्या आसपासचे एक गृहस्थ, लिव्हर गेलेलं, पोट पाण्याने टम्म, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा ॲडमिट. मागच्या खेपेला पोटातलं पाणी काढताना मीच होते आणि डिस्चार्ज कार्डही मीच लिहिलं होतं, त्यावर "मद्यपान पूर्ण बंद" असं लिहून खाली दोनदा रेघ मारली होती. परत आले तेव्हा तोंडाला वास. माझी सलग दुसरी रात्र, पहाटेचे पाच वाजलेले, मी संमतीपत्रावर सही घ्यायला गेले तर त्यांचा हात इतका थरथरत होता की पेन कागदावर टेकेना. पहिली सही रेघेच्या बाहेर गेली. मग त्यांनी डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलं आणि कशीबशी केली. म्हणाले, "सॉरी मॅडम, सकाळी सकाळी हात चालत नाही." आणि मी म्हटलं, "एवढं सगळं कळतंय तर पिता कशाला?" मोठ्याने म्हटलं, आजूबाजूच्या चार बेडना ऐकू जाईल असं. त्यांची मुलगी शेजारीच उभी होती, शाळेत जाणारी असेल. ते काही बोलले नाहीत, भिंतीकडे कूस वळवली. संध्याकाळी ड्युटीवर आले तर बेड रिकामा, डामा करून, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज घेऊन गेले होते.

तेव्हापासून ती रेघेबाहेरची सही डोळ्यासमोरून जात नाहीये. दम्याचा पेशंट पंप न घेता आला तर मी चिडत नाही, शुगरवाला इन्सुलिन चुकवून आला तर समजावते, मग इथेच असं का होतं? कॉलेजमध्ये आम्हाला व्यसनावर जे शिकवलं त्यात रिसेप्टर होते, औषधांचे साइड इफेक्ट होते, वायवाला विचारतात ते सगळं होतं, पण असा माणूस समोर आल्यावर त्याच्याशी बोलायचं काय हे कुणी सांगितलं नाही. राऊंडला सिनियर "आला का परत आपला बेवडा" म्हणतात, सगळे हसतात, मीपण हसलेय. हे पुढे जातं का? आणि अशा माणसाशी नक्की बोलायचं काय?

सायकिॲट्री_थर्ड_इयर

राग येतो हे सरळ लिहिलंस ते बरं केलंस. मलाही यायचा, फर्स्ट इयरला तर रोज.

मला जे उमगलं ते सांगते. आपण जीव तोडून काम केलेलं असतं आणि तो परत येतो, तेव्हा आपल्याला ते आपल्या तोंडावर मारल्यासारखं वाटतं. पण आकडे बघ. २००० साली 'जामा' या मेडिकल जर्नलमध्ये मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांचा लेख आला होता, त्यात व्यसन परत सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के दिलंय, आणि बीपी आणि दम्याच्या पेशंटमध्ये उपचार ढिले पडून आजार उसळण्याचं प्रमाण ५० ते ७० टक्के. म्हणजे हे पेशंट काही वेगळ्या मातीचे नाहीत. फरक आपल्या वागण्यात आहे, बीपी वाढलं की आपण गोळी वाढवतो आणि पिऊन आला की लेक्चर वाढवतो.

आता तुझ्या पेशंटकडे परत जाऊ. "सकाळी सकाळी हात चालत नाही" हे त्यांनी तुला लक्षण सांगितलं गं. रात्रभर दारू पोटात गेली नाही की पहाटे हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, जीव घाबराघुबरा होतो, आणि एक घोट घेतला की पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत होतं. वर्षानुवर्षं त्यांच्या शरीराने हेच औषध पाहिलंय. ते डामा करून गेले त्यात तुझ्या बोलण्याचा वाटा असेलही, नाही म्हणत नाही, पण माझ्या मते ते विड्रॉवलमध्ये, म्हणजे दारू थांबल्यामुळे होणाऱ्या त्रासात होते आणि वॉर्डात त्यावर त्यांना काहीच मिळत नव्हतं. त्या फाईलमध्ये शेवटची दारू कधी घेतली हे लिहिलं होतं का ते आठवून बघ.

बोलायचं काय याबद्दल. विल्यम मिलर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगची कल्पना मांडली, तिचं मर्म साधं आहे. माणसाच्या मनात सोडायचं आणि नाही सोडायचं अशा दोन्ही बाजू असतात, तू "सोडा" म्हणून जोर लावलास की तो आपोआप दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहतो आणि मग आपण म्हणतो बघा, ऐकतच नाही. मी वॉर्डात एकच प्रश्न फार वापरते. "शून्य ते दहामध्ये सांगा, सोडणं तुम्हाला आत्ता किती महत्त्वाचं वाटतं?" समजा तो तीन म्हणाला. नवीन मुलं लगेच विचारतात की तीनच का, आणि तो न सोडण्याची कारणं सांगत बसतो. उलटं विचार, "तीन म्हणालात, एक का नाही म्हणालात?" आता तो स्वतःच्या तोंडाने सोडायची कारणं सांगतो. मुलीचं नाव घेतो, नोकरी म्हणतो, एकदा एक जण म्हणाला की चाव्या कुलपात जात नाहीत दारात उभा राहून. ते वाक्य जसंच्या तसं लिहून ठेव, पुढच्या भेटीत तिथूनच सुरू कर.

आणि "बेवडा" बद्दल. २०१० मध्ये केली आणि वेस्टरहॉफ यांनी ५०० हून जास्त मानसिक आरोग्यातल्या व्यावसायिकांना एकाच माणसाची हकीकत वाचायला दिली, काहींच्या कागदावर त्याला नशेच्या पदार्थांचा गैरवापर करणारा म्हटलं होतं आणि काहींच्या कागदावर व्यसनाचा आजार असलेला माणूस, बाकी मजकूर तोच. पहिला शब्द वाचलेल्यांना हा स्वतःच जबाबदार आहे, याला शिक्षा हवी असं जास्त वाटलं. शिकलेसवरलेले, याच कामातले लोक होते हे. राऊंडला तू सिनियरना सुधारायला जाऊ नकोस, पण तू केस सांगताना "अल्कोहोल डिपेंडन्स, विड्रॉवलमध्ये" असं म्हण. बाकीचे हळूहळू तेच म्हणायला लागतात, मी पाहिलंय.

सर्जरी_जेआर२

मी जरा वेगळं बोलणार आहे, कुणाला बोचलं तर बोचू दे.

ओपीडीत बसून शून्य ते दहा विचारायला बरं वाटतं. आमच्या वॉर्डात या आणि बघा. ॲक्सिडेंटमध्ये मांडी मोडून येतात, आम्ही रात्री दोन वाजता ऑपरेशन करतो, दोन दिवस माणूस गरीब गाय असतो, आणि तिसऱ्या दिवशी हमखास राडा. सलाईन उपटतो, कॅथेटर ओढतो, मोडक्या पायावर उभा राहायला जातो. गेल्या महिन्यात एकाने सिस्टरला ढकललं, तिच्या मनगटाला लागलं. शेजारच्या बेडवरचा म्हातारा रात्रभर जागा. केलेलं फिक्सेशन वाया जातं. त्याच वेळी दुसरा पेशंट बेड नाही म्हणून ट्रॉलीवर पडलेला असतो. आम्हालाही माणुसकी आहे, पण ती किती जणांत वाटायची? इंटर्न, तुला राग आला यात तुझं चुकलं असं मला वाटत नाही. सगळं पेशंटवर दया करा दया करा म्हणून चालत नाही.

जुना_फिजिशियन

सर्जरीवाल्या मित्रा, तुझी तक्रार मी दोनदा वाचली. सिस्टरला लागलं हे वाईटच झालं, त्याला माफी नाही. पण तूच लिहिलंयस, "दोन दिवस गरीब गाय आणि तिसऱ्या दिवशी हमखास राडा." अरे, तिसरा दिवस!

शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. फिट यायच्या असतील तर बहुतेक पहिल्या ४८ तासांत. आणि ४८ ते ९६ तासांच्या मध्ये डेलिरियम ट्रेमेन्स. माणसाला वेळ-काळ कळत नाही, चादरीवर मुंग्या दिसतात, ताप, बीपी वर, नाडी १२०-१३०. तुझा पेशंट रात्री ॲक्सिडेंट होऊन आला म्हणजे घड्याळ तेव्हापासूनच सुरू झालं. तू ज्याला राडा म्हणतोस ती मेडिकल इमर्जन्सी आहे आणि उपचार नाही झाले तर त्यात माणसं मरतात. तुमच्याकडचा किमान काही राडा पहिल्या दिवशी एक प्रश्न विचारला तर टळेल. शेवटची कधी घेतली, रोज किती, मागे कधी बंद केली तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का. ज्याला मागे झालंय त्याला परत होण्याची भीती जास्त.

मग विड्रॉवल किती तीव्र आहे ते मोजणारं सीआयडब्ल्यूए स्केल लावा, दहा गोष्टी बघायच्या, एकूण ६७ मार्क, सिस्टरना शिकवलं की पाच मिनिटांचं काम, आणि त्यावरून बेंझोडायझेपिन, म्हणजे मेंदू शांत करणारी औषधं. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं, डायझेपाम आणि क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात साठून राहतात. आणि थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी१. हे मी राऊंडला घसा कोरडा होईपर्यंत सांगतो, ग्लुकोजची बाटली लावायच्या आधी थायमिन द्या, तोंडाने नको, शिरेतून द्या, कारण पिणाऱ्यांच्या आतड्यातून ते नीट शोषलं जात नाही. शुगर खरंच खाली गेली असेल तर मात्र थायमिनसाठी ग्लुकोज अडवून धरू नका, दोन्ही बरोबर द्या. थायमिन कमी पडून मेंदूला होणारा आजार म्हणजे वर्निके, त्याची तीन लक्षणं पुस्तकात वाचलीत, डोळ्यांची हालचाल, चालताना तोल, गोंधळ. तिन्ही एकत्र फार थोड्या पेशंटमध्ये दिसतात. तिन्हीची वाट बघत बसाल तर स्मरणशक्ती कायमची जाईल त्याची.

आता इंटर्न, तुझ्यासाठी. हे मी फारसं कुणाला सांगत नाही. मी रेसिडेंट असताना कॅज्युल्टीत एक माणूस आला, कपड्यांना दारूचा वास, अर्धवट शुद्धीत, बडबडत होता. मी म्हटलं उतरेल सकाळपर्यंत, कोपऱ्यातल्या स्ट्रेचरवर झोपवा. शुगर केली नाही. डोक्याला हात लावून पाहिलं नाही. सकाळी सहाला सिस्टरने हाक मारली, डोळ्याची एक बाहुली मोठी झालेली होती. सबड्युरल, कवटीच्या आत रक्तस्राव. ऑपरेशनला नेला पण उशीर झाला होता. वास आला आणि मी विचार करणं थांबवलं. दारूच्या वासाच्या माणसालाही शुगर कमी होते, डोक्याला मार लागतो, मेंदूत रक्तस्राव होतो, इन्फेक्शन होतं, उलट इतरांपेक्षा जास्त होतं. तुझा राग तुझ्या मनाला त्रास देतो तो वेगळा, पण राग आलेला डॉक्टर तपासत नाही नीट, मला त्याची काळजी जास्त आहे.

सातवं_वर्ष

मी डॉक्टर नाही. मी त्या बेडवरचा माणूस आहे, म्हणजे होतो. दारू सोडून सातवं वर्ष चालू आहे. त्याआधी किती वेळा ॲडमिट झालो ते मोजायला बसलो तर अकरापर्यंत येतो आणि मग आठवत नाही.

ताई, तुम्ही विचारलंत "कळतंय तर पिता कशाला". हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारायचो, पहिला घोट घेताना विचारायचो आणि घेतल्यावर विचारायचो, त्यामुळे तुमच्याकडून ऐकून त्यांना नवीन काही कळलं नसेल. फक्त मुलीसमोर ऐकलं ते जड गेलं असेल. हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही, तुम्ही स्वतःहून लिहिलंत म्हणून खरं सांगतोय.

डॉक्टर लोकांना वाटतं आम्ही खोटं बोलतो. बोलायचो. पण विचारायचे कसे तेही बघा. बायको उशाशी, सासरे पायाशी, आणि डॉक्टर खाली कागदात बघत, "दारू बिरू पिता का?" त्या "बिरू" मध्येच उत्तर ठरायचं. मी म्हणायचो कधीतरी. कागदावर लिहिलं जायचं कधीतरी. आणि मग दोन दिवसांनी मला भिंतीवर माणसं दिसायला लागली की सगळे म्हणायचे हा नाटकी आहे. ती भीती कशी असते ते सांगता येत नाही. मला आठवतं माझे हात पलंगाला बांधले होते आणि मी ओरडून सांगत होतो की दाराशी कुत्रा आहे, आणि दोन शिकाऊ डॉक्टर दारात उभे राहून मोबाईलमध्ये काहीतरी बघत हसत होते. ते माझ्यावर हसत नसतीलही. मी अजून विसरलो नाही.

आणि फरक कशाने पडला तेही लिहितो. एक डॉक्टरीण होत्या, तुमच्यासारख्याच शिकाऊ, वय माझ्या पुतणीएवढं. डिस्चार्जच्या दिवशी सगळे सांगतात तसं परत पिऊ नका असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मंगळवारी ओपीडीत या. प्यायला असलात तरी या." मी तिसऱ्याच दिवशी प्यायलो. मंगळवारी पिऊनच गेलो, लाजेने दाराबाहेर उभा. त्यांनी पाहिलं आणि म्हणाल्या बरं झालं आलात, बसा. बास एवढंच. त्यानंतरही दोनदा सुरू झाली माझी, पण जायला एक जागा आहे हे डोक्यात राहिलं होतं. त्यांची बदली झाली, मी बरा झालेला त्यांनी पाहिला नाही. आम्ही बरे झालो की हॉस्पिटलकडे फिरकत नाही हो, तुम्हाला दिसतात ते फक्त परत परत येणारे. मग तुम्हाला वाटणारच की कुणी सुधारतच नाही.

वॉर्ड_सिस्टर

सातवं वर्षवाल्या दादांनी लिहिलेलं वाचून डोळ्यात पाणी आलं. बावीस वर्षं नोकरी झाली माझी.

दोनच गोष्टी सांगते नवीन मुलांना. विचारताना नातेवाइकांना औषध आणायला पाठवा, स्टूल ओढून बसा आणि "पिता का" असं विचारूच नका, "रोज साधारण किती होते" विचारा, माणूस लगेच खरं सांगतो. भास होत असतील तर लाईट चालू ठेवा, अंधारात जास्त घाबरतात, समोर घड्याळ असेल असा बेड द्या, एकच सिस्टर सारखी जाईल असं बघा, तुम्ही कुठे आहात, आज वार कोणता, हे पुन्हा पुन्हा शांतपणे सांगा. बांधून ठेवला की जास्त झटापट करतो, त्याऐवजी आधी औषधाचा डोस बघा. मला पण ढकललंय एकदोघांनी, शुद्धीवर आल्यावर एक जण माझ्या पाया पडायला लागला, त्याला काही आठवत नव्हतं, बायकोने सांगितलं म्हणून.

आणि तंबाखू-सिगारेटवाले विसरू नका. कुणी लक्षच देत नाही त्यांच्याकडे. ऑपरेशननंतर चिडचिड, झोप नाही, सारखा गेटवर जातो, आणि आपण म्हणतो ऐकत नाही. निकोटिनचा पॅच किंवा गोळी लिहून दिली तर तो माणूस बेडवर राहतो. डब्ल्यूएचओचा आकडा वर्षाला ७० लाखांहून जास्त मृत्यूंचा आहे तंबाखूने, आणि केस पेपरवर नुसती टिक करून आपण पुढे जातो.

ॲनेस्थेशिया_जेआर

विषय निघालाच आहे तर ओपिऑइडवाल्यांबद्दल, म्हणजे हेरॉइन, अफूच्या जातीच्या नशेवाल्यांबद्दल पण कुणीतरी बोला. आमच्याकडे ब्युप्रेनॉर्फिनवर, म्हणजे ओपिऑइडच्या व्यसनावरच्या औषधावर असलेला पेशंट फ्रॅक्चर घेऊन आला, वेदनेने कळवळत होता, आणि सगळे म्हणत होते हा इंजेक्शनसाठी नाटक करतोय. त्याची ब्युप्रेनॉर्फिन पण कुणीतरी बंद करून टाकली होती.

सायकिॲट्री_थर्ड_इयर

बंद करायला नको होती. त्याच्या रोजच्या डोसने त्याचं विड्रॉवल थांबतं, मोडलेल्या हाडाचं दुखणं त्याने भागत नाही. तो डोस चालू ठेवायचा, हवं तर दिवसातून तीन-चार भागांत वाटून द्यायचा, आणि वरून वेदनेची औषधं, नर्व्ह ब्लॉक, जे तुमच्याकडे आहे ते. अशा माणसाला सवय झालेली असल्यामुळे साध्या डोसने भागत नाही, जास्त लागतं.

आणि ज्याचं हेरॉइन किंवा दुसरं ओपिऑइड चालू आहे त्याला घाईघाईने पहिली ब्युप्रेनॉर्फिन देऊ नका. ती रिसेप्टरला घट्ट चिकटते पण अर्धवटच काम करते, त्यामुळे आधीचं औषध ढकलून लावते आणि माणूस दहा मिनिटांपूर्वी बरा होता तो एकदम तडफडायला लागतो, मग परत कधी ती गोळी घ्यायला तयार होत नाही. जांभया, नाक गळणं, अंगावर काटा, बाहुल्या मोठ्या, हे दिसेपर्यंत थांबायचं.

एक गोष्ट मात्र प्रत्येक इंटर्नने पाठ करावी. दहा-पंधरा दिवस बंद राहून घरी जाणाऱ्या ओपिऑइडच्या पेशंटला सर्वात जास्त धोका त्याच आठवड्यात असतो. शरीराची सहन करायची ताकद उतरलेली असते आणि तो जुनाच डोस घेतो. हे त्याला आणि घरच्यांना जाताना स्पष्ट सांगा, नॅलोक्सोन, म्हणजे ओव्हरडोसवरचा उतारा, मिळत असेल तर घरी ठेवायला द्या, आणि ते दिल्यावरही हॉस्पिटलला आणा म्हणावं, कारण त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात उतरतो आणि माणसाचा श्वास परत मंदावू शकतो.

ॲनेस्थेशिया_जेआर

थँक यू, हे कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं. अजून एक लिहितो, नाव न घेता. माझ्या बॅचमधला एक जण ऑपरेशन थिएटरमधलं फेंटानिल, म्हणजे भूल देताना वापरतात ते ओपिऑइड, स्वतःला घ्यायला लागला होता. आमच्या ब्रँचमध्ये हे होतं, हाताशी असतं म्हणून. आम्हाला सगळ्यांना संशय होता आणि कुणीच बोललं नाही कारण त्याचं करिअर जाईल म्हणून. तो वाचला, नशिबाने. तेव्हापासून "हे लोक" असं मला म्हणवत नाही.

जुना_फिजिशियन

तू हे लिहिलंस म्हणून सांगतो. अमेरिकेत व्यसन लागलेल्या ९०० च्यावर डॉक्टरांचा पाच वर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास २००८ मध्ये 'बीएमजे' या मेडिकल जर्नलमध्ये आला होता. उपचार, नियमित तपासण्या, सोबतच्यांचा आधार, आणि परत कामावर जायची आशा. चारात तिघांहून जास्त जणांची पाच वर्षांत एकही टेस्ट पॉझिटिव्ह आली नाही. आता कुणी म्हणेल डॉक्टरांचं वेगळं, त्यांना गमवायला खूप असतं, आणि ते थोडं खरंही आहे. पण पाच वर्षं कुणी मागे उभं राहिलं हेही त्यात आहेच. इंटर्नच्या पेशंटला आपण काय दिलं? डिस्चार्ज कार्डावर दोन रेघा.

काळजीत_बहीण

मध्येच विचारते, माफ करा. माझा भाऊ पितो, ऐकत नाही. त्याला न सांगता जेवणातून द्यायचं औषध असतं असं कुणीतरी सांगितलं. ते देऊ का?

सायकिॲट्री_थर्ड_इयर

नका देऊ ताई, प्लीज. ते बहुतेक डायसल्फिरामबद्दल सांगत असतील. ते पोटात असताना दारू घेतली तर चेहरा लाल होतो, उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली जातं, हृदय किंवा लिव्हर कमजोर असेल तर जीवावर बेतू शकतं. ज्याला माहीत आहे आणि जो स्वतः तयार आहे त्यालाच ते डॉक्टरच्या देखरेखीखाली देतात. आणि कळल्यावर तुमच्या हातचं काही खाणार नाही तो परत. नॅलट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट अशी दुसरी औषधं आहेत, पण ठरवायला त्याला भेटावं लागेल. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकट्या या, घरच्यांशी पण आम्ही बोलतो. एक मात्र लक्षात ठेवा, रोज भरपूर पीत असेल तर घरातच एकदम बंद करायला लावू नका, का ते वर फिजिशियन सरांनी लिहिलंय, वाचा.

सर्जरी_जेआर२

चार दिवसांनी परत आलो. फिजिशियन सर, तुम्ही ते तिसऱ्या दिवसाचं लिहिलंत त्यावर आधी चिडलोच होतो. मग त्या सिस्टरला ढकललेल्या पेशंटचा केस पेपर काढला. "व्यसन" च्या पुढे "नाही" लिहिलंय. अक्षर माझं आहे. भाऊ शेजारी उभा असताना विचारलं होतं आणि पुढच्या पेशंटकडे पळालो होतो. नाडीचा चार्ट पाहिला, दुसऱ्या दिवशी दुपारपासून ११०, ११८, १२४. सगळं समोर होतं, आम्ही दुखतंय म्हणून धरून चाललो.

काल एक आला, टिबिया, म्हणजे नडगीचं हाड मोडलेलं. भावाला बाहेर पाठवलं, सिस्टरनी सांगितलं तसं विचारलं. म्हणाला रोज एक बाटली, आज सकाळीपण घेतली. मेडिसिनचा कॉल लगेच पाठवला, थायमिन लावलं. अजून दुसराच दिवस आहे, बघू. ज्या सिस्टरला लागलं होतं तिला पण सांगितलं मी की त्या दिवशी चूक आमची होती.

इंटर्न_मेडिसिन

सगळ्यांचं दोन-दोनदा वाचलं. सातवं वर्ष दादा, तुमचं जास्त वेळा.

सायकिॲट्रीच्या ताईंनी विचारलं होतं शेवटची दारू कधी घेतली हे फाईलमध्ये होतं का. नव्हतं. मी पाहून आले रेकॉर्ड रूममध्ये जाऊन. तिन्ही ॲडमिशनमध्ये नव्हतं, त्यातल्या दोन हिस्टरी माझ्या अक्षरात आहेत. थरथरीबद्दल मी लिहिलंय "हात थरथरतात, बहुधा लिव्हरमुळे". पुढे काही नाही.

फाईलवर फोन नंबर आहे. युनिटच्या मॅडमना विचारलं, फॉलोअपसाठी फोन केला तर चालेल का, त्या थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या कर, आणि ओपीडीचा वार सांग. पण आता तीन दिवस झाले हातात नंबर घेऊन बसलेय. आधी सॉरी म्हणायचं की आधी तब्येत विचारायची? की ते म्हणतील आता कशाला फोन केलात?

सातवं_वर्ष

आधी तब्येत विचारा. सॉरी समोर आल्यावर म्हणा, फोनवर नको, फोनवर आमच्यासारख्याला काय बोलावं सुचत नाही आणि मग तो यायचं टाळेल. सकाळी अकराच्या आसपास करा, त्याआधी हात आणि डोकं दोन्ही ठिकाणावर नसतं. वार सांगा, वेळ सांगा, तुम्ही स्वतः असाल हे सांगा. आणि ते दुसरं वाक्य विसरू नका.

इंटर्न_मेडिसिन

केला आज सव्वाअकराला. मुलीने उचलला. पप्पा झोपलेत म्हणाली, मग म्हणाली तुम्ही त्या रात्रीच्या डॉक्टर का. हो म्हटलं. तिने वार आणि वेळ लिहून घेतली, मी म्हटलं पप्पांना सांग, प्यायला असलात तरी या म्हणावं. ती म्हणाली हे पण लिहू का? म्हटलं हो, हे पण लिही.

परवा ओपीडी आहे.